दारावर टांगलेली पाटी

प्रिय ताई,

आम्ही जानेवारीत स्टुटगार्टला राहायला आलो. नोकरी नवऱ्याची, मी आणि पाच वर्षांचा मुलगा त्याच्या मागोमाग. पहिले तीन-चार महिने सगळंच छान वाटत होतं. आता दहा महिन्यांनी घराबाहेर पडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

कारणं ऐकून तुम्ही हसाल. एका सकाळी आमच्या दारावर कुणीतरी पाटी टांगून गेलं होतं. नवऱ्याने फोनवर भाषांतर करून पाहिलं, तर 'झाडण्याचा आठवडा'. काहीतरी चुकलं म्हणून ही शिक्षा दिली असं वाटून मी रडले. मग खालच्या मजल्यावरच्या आजींची चिठ्ठी आली, की मूल दुपारी धावतं. रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला गेले, तर एका अनोळखी माणसाने रस्त्यात थांबवून सुनावलं. नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या बायकोने 'हाल्ब आख्ट'ला जेवायला बोलावलं. आम्ही साडेआठला पोचलो, तेव्हा त्यांचं ताट-वाटी आवरणं चाललं होतं. जर्मनच्या क्लासमधल्या बाईंना वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्या, तर त्या 'नको, नको' करत मागे सरकल्या. त्यानंतर मी क्लासला गेलेच नाही.

आता मुलाला घरात चवड्यांवर चालायला लावते. ट्राममध्ये त्याच्याशी मराठीत बोलत नाही. नवरा म्हणतो, 'सोड ना, एवढं काय मनाला लावून घेतेस?' ताई, मी इथे कधी रुळणार? की मलाच आता पूर्ण बदलायला हवं?

— एक वाचक, स्टुटगार्ट

———

तू मला ताई म्हटलंस आणि वयाने मी तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून सरळ एकेरीवर येते. जर्मनीतही याची रीत आहे. 'झी' सोडून 'डू' म्हणू या, असं मोठ्याने सुचवायचं असतं, लहानाने नाही. तेव्हा मी नियमात आहे.

आधी त्या पाटीबद्दल बोलू, कारण तुझं बाकीचं सगळं दुखणं मला तिच्यावरच टांगलेलं दिसतंय.

ती केअरवोखेची पाटी. स्टुटगार्ट ज्या भागात आहे त्या श्वाबेन प्रांताची ही खास गोष्ट आहे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने एकेक आठवडा जिना झाडायचा-पुसायचा. 'छोटी' केअरवोखे म्हणजे आपल्या मजल्यापुढचा जिना. 'मोठी' म्हणजे दारापुढचा फुटपाथ, तळघराचा जिना आणि हिवाळ्यात बर्फसुद्धा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी. आठवडा संपला की त्याने ती शेजारच्या दारावर टांगायची. स्टुटगार्टकरांना याचं मूळ १४९२ सालच्या नगरनियमांपर्यंत मागे नेता येतं. आपापल्या घरचं शेण-घाण दर आठवड्याला शहराबाहेर न्या, असं त्यात बजावलेलं होतं. शहराने स्वतःचा सक्तीचा नियम १९८८ मध्ये रद्द केला, पण घरमालकांच्या भाडेकरारांत आणि इमारतींच्या नियमांत तो मुक्कामाला राहिला आहे. बाकीचे जर्मन श्वाबेनवाल्यांची यावरून यथेच्छ टिंगल करतात. बर्लिनहून आलेला माणूसही ती पाटी पाहून तुझ्याइतकाच गोंधळला असता.

म्हणजे पाटी सगळ्यांच्याच दारावर फिरते. तुझ्या दारावर आली याचा अर्थ एवढाच की इमारतीने तुला बिऱ्हाडांत मोजलं. तू मात्र ती आपल्यावरचा शेरा म्हणून वाचलीस. पुढचं सगळं, ती चिठ्ठी, तो बाटल्यांवरून बोलणारा माणूस, वाढदिवस, हेही तू त्याच चष्म्यातून वाचत गेलीस. परक्या देशात राहणं दमवणारं असतंच, पण तू दमलीस ती एकही चूक होऊ नये म्हणून चालवलेल्या धडपडीने.

मी स्वतः सहा वर्षं हानोफरला काढली. पहिल्याच महिन्यात एका रविवारी, घर लावायला निवांत वेळ आहे म्हणून, भिंतीला ड्रिल लावलं. दहा मिनिटांत तीन वेळा बेल वाजली. तीन वेगवेगळे शेजारी आणि तिघांचं वाक्य जवळजवळ एकच, 'आज रविवार आहे.' आवाज कुणीच चढवला नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला. भांडले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

रविवारचं हे प्रकरण किती खोल आहे ते मला पुढे समजलं. १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या १३९ व्या कलमात रविवार आणि सरकारमान्य सणांचे दिवस हे कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून राखून ठेवले आहेत. १९४९ ची घटना आली तेव्हा ते कलम जसंच्या तसं तिच्यात घेतलं. बर्लिनने नाताळआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायला परवानगी दिली होती. २००९ मध्ये जर्मनीच्या केंद्रीय घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. आता तो बाटल्यांवरून बोलणारा माणूस आठव. काचेच्या डब्यात बाटली फुटल्याचा आवाज आजूबाजूच्या घरांत जातो, म्हणून त्या डब्यांवरच वेळा लिहिलेल्या असतात आणि रविवार त्यात नसतो. अनोळखी माणसाला रस्त्यात थांबवून नियम सांगणं तिथे उद्धटपणा समजत नाहीत. त्याच्या लेखी तुला माहीत नव्हतं, त्याने सांगितलं, विषय संपला. संध्याकाळपर्यंत तो तुला विसरलाही असेल, आणि तू अजून त्याला सांभाळते आहेस.

त्याने ते जरा हसून सांगितलं असतं तर बिघडलं नसतं, हे मात्र मलाही वाटतं. जर्मनांचा प्रत्येक कोरडेपणा 'त्यांची संस्कृती' म्हणून पोटात घालायचा, हे मला पटत नाही. काही माणसं नुसतीच खडूस असतात, सगळीकडेच.

म्हणूनच माझं सांगणं असं की, कुणी काही बोललं की घरी येऊन रडण्याआधी आपल्यालाच विचार: हा नियम आहे, इथली सवय आहे, की या माणसाचा स्वभाव? नियम असेल तर पाळायचा आणि मोकळं व्हायचं. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी ड्रिल नाही, घर बदललं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, हे सगळं या खात्यात. ही यादी वाटते तेवढी लांब नाही. तुझ्या इमारतीपुरती तर ती एका कागदावर मावते. त्याला हाउसऑर्डनुंग म्हणतात. भाडेकराराला जोडलेला असेल किंवा जिन्याखाली लावलेला असेल. एका शनिवारी दोघांनी बसून तो शब्द न् शब्द लावा. निम्मी भीती तिथेच जाईल, कारण तुझा धाक न लिहिलेल्या नियमांचा आहे आणि तिथले बरेचसे नियम लिहिलेले असतात.

सवयी मात्र चुकतमाकतच कळतात. डॉक्टरकडे गेल्यावर वेटिंगमध्ये बसलेल्या सगळ्यांना मिळून नमस्कार करायचा, ग्लासला ग्लास लावताना डोळ्यांत बघायचं, वाढदिवसाच्या शुभेच्छा आधी द्यायच्या नाहीत. हे शेवटचं चुकलं तर जर्मन माणूस खरोखर दचकतो, कारण आधी दिलेल्या शुभेच्छा अशुभ मानतात. मांजर आडवं गेल्यावर आपण थबकतो ना, तसं. त्या बाई मागे सरकल्या त्या तुझ्यापासून नव्हे, अपशकुनापासून. उशिरा दिलेल्या शुभेच्छा मात्र चालतात, त्यासाठी 'नाखट्रेग्लिश' असा वेगळा शब्दसुद्धा आहे.

'हाल्ब आख्ट'बद्दल तर तुला अपराधी वाटायचं काहीच कारण नाही. शब्दशः 'अर्धा आठ'. तू इंग्रजीच्या वाटेने गेलीस, 'हाफ पास्ट' ऐकलंस आणि फसलीस. मराठीच्या वाटेने गेली असतीस तर कदाचित वाचली असतीस. आपण 'पावणेआठ' म्हणतो तेव्हा येणाऱ्या आठाकडे बघून त्यातून पाव वजा करतो. जर्मन माणूस अर्ध्या तासालाही तेच करतो: आठव्या तासातला अर्धा झाला, म्हणजे साडेसात. तुमच्या श्वाबेनमध्ये तर पुढची मजा आहे. तिथे 'फिअर्टल आख्ट' म्हणजे आठव्याचा पाव, आपले सव्वासात. 'द्रायफिअर्टल आख्ट' म्हणजे आठव्याचे तीन पाव, आपले पावणेआठ. हानोफरचे माझे शेजारी हे ऐकून डोकं खाजवायचे, आणि सव्वा-पावणेत वाढलेल्या मला ते लगेच कळायचं. त्या बाईंना फोन कर आणि झालं ते जसंच्या तसं सांग. कुणी न कळवता तासभर उशिरा आलं तर तिथे त्याचा अर्थ 'तुमच्या वेळेची किंमत नाही' असा घेतात, आणि तुम्ही काहीच न बोलल्यामुळे तो अर्थ त्यांच्या मनात तसाच बसून असेल. घड्याळाची गोष्ट कळली की त्या हसतील. मग तू त्यांना बोलाव, दोन-तीन आठवडे पुढची तारीख ठरवून. 'या की कधीही' म्हणू नकोस. त्याला तिथे आमंत्रण समजत नाहीत.

आता आजी. इथे जरा थांबते, कारण चवड्यांवर चालणारं पाच वर्षांचं पोर डोळ्यांसमोरून हलत नाहीये. ते आधी बंद कर. मुलांच्या आवाजाच्या बाबतीत जर्मन कायदा तुला वाटतो त्यापेक्षा बराच मुलांच्या बाजूने आहे. २०११ मध्ये तिथे केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली: पाळणाघरं आणि खेळाच्या मैदानांवरून येणारा मुलांचा आवाज एरवी उपद्रव म्हणून धरायचा नाही. घरांच्या बाबतीतही, वयाला साजेसं हुंदडणं शेजाऱ्यांनी सोसायचं असतं, असं न्यायालयं सर्वसाधारणपणे मानत आली आहेत. दुपारी एक ते तीनची विश्रांती तुमच्या हाउसऑर्डनुंगमध्ये असेल तर तेवढा वेळ त्याला चित्रं काढायला, गोष्टी ऐकायला बसव. बाकीच्या वेळी पोराला टाच टेकू दे.

आणि खाली जा. चिठ्ठीला चिठ्ठीने उत्तर देऊ नकोस. दुपारी चारच्या सुमाराला मुलाला घेऊन बेल वाजव, नाव सांग, त्याच्याकडून हात मिळवून घे. मग विचार, नेमका कोणत्या वेळी त्रास होतो? बहुतेक वेळा उत्तर फार छोटं निघतं, 'मी दीड ते अडीच पडते.' त्या खोलीत जाड गालिचा घाल. भाषा अडली तर एक वाक्य पाठ करून जा: 'मी इथे नवीन आहे, मला दाखवाल का?' जर्मनमध्ये 'क्योन्टन झी मिअर दास त्साइगन?' हे वाक्य माझ्या सहा वर्षांत कधी वाया गेलं नाही. तिथली माणसं गप्पा मारायला पटकन तयार होत नाहीत, पण काही नीट कसं करायचं ते दाखव म्हटलं की हातातलं काम टाकून येतात. केअरवोखेची बादली घेऊन त्या आजींनाच विचार. जिना कसा पुसायचा याबद्दल त्यांची मतं असणारच, आणि ती ऐकायला त्यांना गेल्या वीस वर्षांत कुणी मिळालेलं नसेल.

माझी शेजाऱ्यांशी खरी ओळख पार्सलांमुळे झाली. आपण घरी नसलो की कुरिअरवाला पार्सल शेजारी ठेवतो आणि कुणाकडे ठेवलं ते लिहिलेलं कार्ड पेटीत टाकतो. मी घरीच असायचे, त्यामुळे माझ्याकडे अख्ख्या इमारतीची पार्सलं साठायची. संध्याकाळी एकेक जण यायचा. दोन मिनिटं दारात, पुढे पाच मिनिटं. वर्षभराने तिसऱ्या मजल्यावरच्या बाई सुट्टीला जाताना झाडांना पाणी घालायला किल्ली देऊन गेल्या. त्या दिवशी मी घरी फोन करून अर्धा तास फक्त किल्लीबद्दल बोलले.

'कधी रुळणार' याचं उत्तर आकड्यात हवं असेल तर एक जुना अभ्यास आहे. स्वेर लिसगोर नावाच्या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियनांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५५ मध्ये निष्कर्ष छापले. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले मजेत होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही बरे होते. सहा ते अठरा महिने राहिलेल्यांची जुळवणी सगळ्यांत कच्ची निघाली. तू दहाव्या महिन्यात आहेस. पुढच्या काही अभ्यासांत हा उतार-चढाव सगळ्यांच्या बाबतीत दिसला नाही. काहींना पहिलेच आठवडे सर्वांत जड गेले. तेव्हा अठराव्या महिन्यावर कॅलेंडरमध्ये खूण करून बसू नकोस. पण तुझ्यासारखीच, चांगली शिकलेली, हौसेने गेलेली माणसंही याच टप्प्यावर अडखळली होती, एवढं लक्षात असू दे. त्यात तिथे आता अंधाराचे दिवस. डिसेंबरात स्टुटगार्टला साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. दुपारच्या उजेडात रोज अर्धा तास बाहेर पड, काम असो वा नसो. आणि सकाळी उठता येत नाही, खाणं-झोप बिघडली आहे, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर ते रुळण्याच्या खात्यात ढकलू नकोस. आपल्या हाउसआर्ट्झ्टकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे जा आणि हेच सांग.

तुझ्या नवऱ्याशी मला दोन शब्द बोलायचे आहेत, हे पत्र त्याला वाचायला दे. बाबा रे, तू राहतोस ते जर्मनी आणि ती राहते ते जर्मनी वेगळं आहे. तुझं ऑफिस इंग्रजीत चालतं आणि चूक झाली तर सहकारी सांभाळून घेतात. कचऱ्याचे वेगवेगळे डबे, बालवाडीच्या सूचना, आजींची चिठ्ठी, हे सगळं तिच्या वाट्याला एकटीच्या आलंय. 'सोड ना' म्हणण्याआधी पुढची केअरवोखे तू कर. बादली घेऊन जिन्यात उभा राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'ग्र्यूस गॉट' म्हण. चार दिवसांत तुला कळेल ती कशाबद्दल बोलते आहे.

एक गोष्ट या सगळ्यापासून वेगळी ठेव. ट्राममध्ये मराठीत न बोलणं तुझं तू ठरवलंस, की कुणी काही बोललं होतं? पत्रात ते नाही. तूच ठरवलं असशील तर सोडून दे. ट्राममध्ये तिथल्या माणसांना खटकतो तो चढा आवाज. हळू आवाजात कुठलीही भाषा चालते, आणि आईच आपली भाषा दबक्या अंगाने बोलते हे पाच वर्षांच्या मुलाला बरोबर समजतं. पण कुणी तुमच्या भाषेवरून, रंगावरून टोचून बोललं असेल, तर त्याला सांस्कृतिक फरक म्हणायचं नाही. तिथे समजूतदारपणा दाखवायची तुझ्यावर काही जबाबदारी नाही. घर, नोकरी, दुकान अशा ठिकाणी असा भेदभाव करायला २००६ पासून तिथे कायद्याने मनाई आहे, आणि सल्ला द्यायला केंद्र सरकारचं भेदभावविरोधी कार्यालयही आहे. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेव.

पूर्ण बदलायला हवं का, असं विचारलंस. पूर्ण कशाला? सहा वर्षांत मी वेळेवर पोचायला शिकले, हिवाळ्यातही दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडायला शिकले, नको असलं तर सरळ 'नको' म्हणायला शिकले. हे शेवटचं परत आल्यावर माझ्या नातेवाइकांना अजून पचलेलं नाही. पण घरी आलेल्या माणसाला 'काही घेणार का' असं एकदाच विचारून गप्प बसणं मला कधी जमलं नाही, आणि मी ते जमवायचा प्रयत्नही केला नाही.

घरी फोन रोज करत असशील. कर, पण त्याला वेळ बांधून घे. उन्हाळ्यात साडेतीन तासांचं आणि हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर आहे. तिकडच्या माणसांच्या फुरसतीच्या वेळा सांभाळता सांभाळता तुझी दुपार आणि संध्याकाळ दोन्ही फोनवर जातात, आणि नेमक्या त्याच वेळी खेळाच्या मैदानावर बाकीच्या आया आलेल्या असतात. मुलाला जवळच्या क्रीडासंघात, त्यांच्या फेराइनमध्ये, घाल. तिथे सात जण जमले की फेराइनची कायदेशीर नोंदणी करता येते, त्यामुळे गल्लोगल्ली ते सापडतात. लहान मुलांच्या कसरतीच्या वर्गात आई-बापांना एकत्र मिळून गाद्या उचलाव्या लागतात, आणि ओळखी गाद्या उचलतानाच होतात.

आणि क्लासला परत जा. फोल्क्सहोखशूलचा, म्हणजे मोठ्यांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्राचा, असो की सहाशे तास भाषेचा आणि शंभर तास तिथल्या कायद्या-समाजाच्या माहितीचा इंटिग्रेशन कोर्स असो, पण जा. तुझ्या राहण्याच्या परवान्यावर 'एर्वेर्ब्सटेटिग्काइट एरलाउब्ट' असे शब्द आहेत का तेही बघ. असतील तर तुला नोकरी करायची मोकळीक आहे, आणि मग भाषा नुसती शेजाऱ्यांपुरती राहणार नाही. त्या बाई वाढदिवसाचं कधीच विसरल्या असतील. नसतील विसरल्या तर वर्गात सगळ्यांसमोर ती गोष्ट सांग. तिथे बसलेल्या दहा देशांच्या दहा जणांकडे अशी एकेक असणारच.

तुझा स्वतःचा वाढदिवस कधी असतो ते लिहिलं नाहीस. क्लास चालू असताना आला, तर आदल्या दिवशी कुणी शुभेच्छा देणार नाही, वाट बघू नकोस. आणि केक तूच न्यायचा आहे. तिथे ज्याचा वाढदिवस, तोच आणतो.